ब्लेझारचे गॅमा किरण नेमके कुठून येतात? शोध घेण्याची क्रमवार पद्धत

ब्लेझार म्हणजे अशी दीर्घिका, जिच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून निघणारा कणांचा झोत (जेट) जवळपास आपल्याच दिशेने रोखलेला असतो. तिचे गॅमा किरण कुठून येतात हे ठरवताना एक चूक सतत पाहायला मिळते. संग्रहातून मिळतील तितके बिंदू गोळा करायचे, रेडिओपासून टीईव्ही (लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ईव्ही) ऊर्जेच्या गॅमा किरणांपर्यंत सगळे एका आलेखावर मांडायचे, तयार मॉडेल चालवायचं आणि वक्र बिंदूंवरून गेला की ‘हे प्रारण इलेक्ट्रॉनचं आहे’ असं लिहून मोकळं व्हायचं. वक्र जुळणं ही या कामातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. त्याच बिंदूंवर प्रोटॉनचं मॉडेलही जुळतं, आणि दहापट वेगळ्या चुंबकीय क्षेत्राचं इलेक्ट्रॉन मॉडेलही जुळतं. म्हणून मॉडेलचा क्रमांक शेवटी लागला पाहिजे. त्याआधी काय काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

ब्लेझारच्या वर्णपटाला, म्हणजे एसईडीला (कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा येते त्या आलेखाला), दोन उंचवटे असतात हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. पहिला सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या प्रारणाचा, त्यावर वाद नाही. आपला प्रश्न दुसऱ्याचा आहे. खाली १०^१३ म्हणजे दहाचा तेरावा घात.

पूर्वतयारी: डेटा उतरवण्याआधी एक पान

कागदावर पाच गोष्टी लिहा: ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला ते), कृष्णविवराचं वस्तुमान, त्याभोवतीच्या तप्त वायूच्या तबकडीची दीप्ती, दृश्य वर्णपटात (जवळच्या वेगवान वायूच्या) रुंद रेषा आहेत का, आणि सिंक्रोट्रॉन शिखराची वारंवारता. शिखर १०^१४ हर्ट्झच्या खाली असेल तर स्रोत कमी शिखराचा, १०^१५ च्या वर असेल तर उंच शिखराचा, मधला तो मधला.

तबकडीची दीप्ती टाळू नका. तिच्यावरूनच जेटभोवतीचा परिसर मोजता येतो. दीप्ती सेकंदाला १०^४५ अर्ग असेल तर रुंद रेषांचा प्रदेश साधारण १०^१७ सेंटिमीटरवर आणि धुळीचं वलय साधारण २.५ × १०^१८ सेंटिमीटरवर धरतात. दीप्ती बदलली की ही अंतरं तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतात.

सावधान: बीएल लॅक प्रकारच्या अनेक स्रोतांच्या वर्णपटात रेषाच नसतात. सूचीत छापलेली ताम्रसृती एखाद्या पुसट रेषेवरून काढलेली असू शकते, किंवा ती केवळ खालची मर्यादा असते. मूळ मोजमाप कशावरून केलं ते शोधा. ते भक्कम नसेल तर एका आकड्याऐवजी पल्ला घेऊन चला, कारण पुढची प्रत्येक दुरुस्ती याच आकड्यावर उभी राहते.

टप्पा १ : प्रश्न सुटा करा

‘उगम’ या एका शब्दात चार प्रश्न दडलेले आहेत. प्रारण कोणत्या कणांचं आहे? इलेक्ट्रॉनचं असेल, तर ते कोणत्या फोटॉनना ढकलतात: स्वतःच्याच सिंक्रोट्रॉन फोटॉनना, रुंद रेषांच्या फोटॉनना की धुळीच्या अवरक्त फोटॉनना? हे कृष्णविवरापासून किती अंतरावर घडतं? आणि कणांना एवढी ऊर्जा दिली कशाने, आघात तरंगाने की चुंबकीय पुनर्जोडणीने (क्षेत्ररेषा तुटून पुन्हा जुळण्याने)? एसईडी पहिल्या दोन प्रश्नांवर काहीतरी सांगते, तिसऱ्यावर अप्रत्यक्षपणे सांगते आणि चौथ्यावर जवळजवळ गप्प असते. तुमचा डेटा यांतल्या कोणत्या प्रश्नापर्यंत पोहोचतो ते आत्ताच लिहून ठेवा. नंतर लिहिलं तर उत्तर पाहून प्रश्न ठरतो.

टप्पा २ : वर्णपटाआधी काळ ठरवा

सर्वाधिक एसईडी इथे बिघडतात. फर्मी ही गॅमा किरणांची अवकाश दुर्बीण साधारण दर तीन तासांनी पूर्ण आकाश पाहते, पण मंद स्रोताचा वापरता येईल असा वर्णपट मिळायला कित्येक आठवडे लागतात. स्विफ्ट उपग्रहाचं क्ष-किरण निरीक्षण मात्र एक-दोन हजार सेकंदांचं असतं. महिन्याभराची गॅमा सरासरी आणि अर्ध्या तासाचे क्ष-किरण एका आलेखावर ठेवले की तो वर्णपट त्या स्रोतात कधीच अस्तित्वात नव्हता.

आधी सगळ्या पट्ट्यांचे प्रकाशवक्र एकाखाली एक काढा. गॅमा वक्राचे बेझियन ब्लॉक पाडा, म्हणजे प्रवाह कुठे स्थिर आहे आणि कुठे बदलतो ते नजरेच्या भरवशावर राहत नाही. मग असा कालखंड निवडा ज्यात किमान गॅमा, क्ष-किरण आणि अतिनील किंवा दृश्य निरीक्षणं आहेत आणि त्यांतला एकही पट्टा आतल्या आत दुपटीने बदललेला नाही. भडक्यासाठी एक कालखंड आणि शांत अवस्थेसाठी एक, असे किमान दोन घ्या. मॉडेलची खरी परीक्षा एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना होते.

तपासा: कालखंड अर्धा करून गॅमा वर्णपट पुन्हा काढा. निर्देशांक (वर्णपटाचा उतार) त्रुटीपेक्षा जास्त सरकला, तर तुम्ही दोन अवस्था मिसळल्या आहेत.

टप्पा ३ : गॅमा डेटा

फर्मीटूल्स किंवा फर्मीपाय ही विश्लेषणाची साधनं वापरताना सुरुवातीची चौकट ठरलेली आहे: १०० एमईव्ही (दशलक्ष ईव्ही) ते ३०० जीईव्ही (अब्ज ईव्ही), १५ अंश त्रिज्येचा प्रदेश, झेनिथ कोन जास्तीत जास्त ९० अंश, ऊर्जा-विसरणाची दुरुस्ती चालू. १०० एमईव्हीला एका फोटॉनची दिशा जवळपास पाच अंशांनी चुकू शकते, १ जीईव्हीला एक अंशाहून कमी. म्हणून मोठा प्रदेश लागतो, आणि म्हणूनच शेजारचे स्रोत मॉडेलमध्ये घेतले नाहीत तर त्यांचे कमी ऊर्जेचे फोटॉन तुमच्या ब्लेझारच्या खात्यात जमा होतात.

स्रोत क्रांतिवृत्ताजवळ असेल तर सूर्य आणि चंद्र कधी जवळून गेले ते पाहा. दोघेही गॅमा किरण देतात. ३सी २७९ या ब्लेझारच्या समोरून सूर्य दरवर्षी ऑक्टोबरमध्ये जातो. त्या दिवसांचा ‘भडका’ जाहीर करण्याआधी ते दिवस वगळून पाहा.

ऊर्जेच्या प्रत्येक कप्प्यात टीएस (स्रोत खरोखर दिसतो याची सांख्यिकी खात्री) पाहा. ते ४ पेक्षा कमी असेल तर बिंदू देऊ नका, ९५ टक्क्यांची वरची मर्यादा द्या. ती मर्यादा आलेखावर ठेवा आणि फिटमध्येही घ्या. ‘नीट दिसत नाही’ म्हणून ती वगळणारे बरेच आहेत. उंच ऊर्जेचा उतार कुठे कोसळतो हे पुष्कळदा त्या एका मर्यादेवरूनच कळतं.

तपासा: टीएस ३० आणि त्रुटी मात्र प्रवाहाच्या एक टक्का, असं कुठे दिसलं तर फिट जुळलेलंच नाही. तो कप्पा पुन्हा चालवा.

टप्पा ४ : क्ष-किरण, अतिनील आणि रेडिओ

स्विफ्टच्या एक्सआरटी या क्ष-किरण दुर्बिणीत फोटॉन-मोजणी पद्धतीत सेकंदाला सुमारे ०.५ पेक्षा जास्त मोजणी असेल तर फोटॉन एकावर एक पडतात आणि वर्णपट खोटा कठीण (जास्त ऊर्जेकडे झुकलेला) होतो. प्रतिमेचा मधला भाग वगळून कडं घ्या. एका कप्प्यात २० पेक्षा कमी मोजण्या असतील तर काय-वर्ग सोडा, कॅश सांख्यिकी (कमी मोजण्यांसाठीची पद्धत) वापरा. हायड्रोजन स्तंभ (वाटेतल्या वायूचं प्रमाण) आकाशगंगेच्या मूल्यावर बांधून ठेवा.

आता निर्देशांक वाचा. फोटॉन निर्देशांक २ पेक्षा जास्त असेल तर ऊर्जेच्या आलेखावर क्ष-किरण उतरते असतात, म्हणजे तुम्ही पहिल्या उंचवट्याच्या शेपटाकडे पाहत आहात. २ पेक्षा कमी असेल तर ते चढते असतात आणि दुसऱ्या उंचवट्याच्या पायथ्याचे असतात. मार्केरियन ४२१ पहिल्या प्रकारचा, ३सी २७९ दुसऱ्या. फोटॉन निर्देशांकाऐवजी ऊर्जा निर्देशांक वाचला की हा निष्कर्ष नेमका उलटतो. दोन्हींत एकाचा फरक असतो. कोष्टकात कोणता दिला आहे ते प्रत्येक वेळी पाहा.

यूव्हीओटी या स्विफ्टच्या अतिनील-दृश्य दुर्बिणीच्या बिंदूंतून आकाशगंगेतल्या धुळीचं शोषण काढा. त्यानंतर उरतं ते सगळं जेटचं असेलच असं नाही. ३सी २७३ मध्ये अतिनील उजेडाचा मोठा वाटा तबकडीचा आहे, मार्केरियन ५०१ मध्ये दृश्य प्रकाशाचा मोठा वाटा यजमान दीर्घिकेच्या ताऱ्यांचा. हे वेगळं न करता सिंक्रोट्रॉन वक्र त्या बिंदूंतून ओढला, तर शिखर चुकतं आणि पुढचं सगळं गणित त्या चुकीवर चढतं.

रेडिओ बिंदूंतून वक्र नेण्याचा हट्ट नको. गॅमा किरण देणारा छोटा प्रदेश रेडिओला स्वतःच अपारदर्शक असतो; दिसणारा रेडिओ उजेड जेटच्या बाहेरच्या, पसरलेल्या भागातून येतो. हे बिंदू वरची मर्यादा म्हणून वापरा.

टप्पा ५ : वाटेत हरवलेले फोटॉन

दूरच्या गॅमा फोटॉनची विश्वातल्या पार्श्वप्रकाशाशी टक्कर होऊन इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी बनते. ताम्रसृती ०.०३ च्या आसपास असेल तर ही तूट काही टीईव्हीच्या पुढे गंभीर होते, ०.५ ला ती १०० जीईव्हीच्या थोडं पुढेच जाणवते. दुरुस्ती करा, पण एकदाच. चेरेन्कोव्ह दुर्बिणींचे (जमिनीवरून उंच ऊर्जेचे गॅमा किरण टिपणाऱ्या) प्रसिद्ध बिंदू अनेकदा आधीच दुरुस्त केलेले असतात. ते घेऊन मॉडेलमध्ये पुन्हा शोषण चालू ठेवलं की मॉडेलचा मूळ वर्णपट जबरदस्तीने कठीण होतो. मी निरीक्षित बिंदू जसेच्या तसे ठेवतो आणि मॉडेलवर शोषण लावतो. त्रुटींची गल्लत होत नाही.

टप्पा ६ : संगणक बंद, पेन्सिल हातात

या टप्प्याला एक पूर्ण दिवस द्या. इथे तीन अंदाज काढायचे आहेत.

पहिला, आकार. प्रदेशाची त्रिज्या प्रकाशवेग × बदलाचा काळ × डॉपलर गुणक ÷ (१ + ताम्रसृती) याहून मोठी असू शकत नाही. डॉपलर गुणक म्हणजे जेट आपल्याकडे येत असल्याने प्रकाशाची वारंवारता किती पटीने वाढते ते. पीकेएस २१५५-३०४ ने जुलै २००६ मध्ये सुमारे २०० सेकंदांत चढउतार दाखवले. डॉपलर गुणक १० घेतला तर त्रिज्या ५ × १०^१३ सेंटिमीटर येते, आणि एक अब्ज सूर्यांच्या कृष्णविवराची श्वार्झशिल्ड त्रिज्या (क्षितिजाची त्रिज्या) ३ × १०^१४ आहे. प्रदेश कृष्णविवराहूनही लहान! म्हणजे गुणक बराच जास्त हवा, किंवा जेटच्या पूर्ण रुंदीऐवजी तिचा एखादाच तुकडा चमकत असला पाहिजे.

दुसरा, चुंबकीय क्षेत्र. सिंक्रोट्रॉन शिखराची वारंवारता साधारण ३७ लाख × क्षेत्र (गॉसमध्ये) × इलेक्ट्रॉनच्या लॉरेंट्झ गुणकाचा (त्याची ऊर्जा स्थिर ऊर्जेच्या किती पट ते) वर्ग × डॉपलर गुणक इतकी असते. इलेक्ट्रॉनने ढकललेल्या फोटॉनची वारंवारता त्याच गुणकाच्या वर्गाच्या ४/३ पट वाढते. फोटॉन बाहेरचे असतील तर जेटच्या लॉरेंट्झ आणि डॉपलर गुणकांनीही गुणायचं. समजा शिखरं १०^१३ आणि १०^२२ हर्ट्झला आहेत, दोन्ही जेट-गुणक १०, आणि ताम्रसृती तूर्त बाजूला ठेवू.

स्वतःचेच सिंक्रोट्रॉन फोटॉन धरले तर इलेक्ट्रॉनचा गुणक सुमारे २७,००० आणि क्षेत्र ०.०००४ गॉस येतं. धुळीचे, ३ × १०^१३ हर्ट्झचे फोटॉन धरले तर गुणक १,६०० आणि क्षेत्र ०.१ गॉस. रुंद रेषांचे लायमन-अल्फा (हायड्रोजनच्या अतिनील रेषेचे) फोटॉन धरले तर गुणक १७५ आणि क्षेत्र ९ गॉस. बिंदू तेच, शिखरं तीच, आणि क्षेत्रात वीस हजार पटींहून जास्त फरक! ‘फिटमधून क्षेत्र इतकं आलं’ या वाक्याला म्हणूनच, कोणते फोटॉन धरले ते सांगितल्याशिवाय अर्थ नाही. ०.०००४ गॉसमध्ये कणांची ऊर्जा चुंबकीय ऊर्जेच्या कितीतरी पट धरावी लागते. रुंद रेषांच्या तेजस्वी ब्लेझारमध्ये स्वतःच्या फोटॉनचा पर्याय बहुतेक वेळा इथेच गळतो.

तिसरा अंदाज उरलेल्या दोन पर्यायांसाठी, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दोन उंचवट्यांच्या दीप्तीचं गुणोत्तर म्हणजे जेटच्या चौकटीतल्या फोटॉन-ऊर्जेची घनता भागिले चुंबकीय ऊर्जेची घनता. रुंद रेषा तबकडीचा दहावा भाग उजेड परत फेकतात असं धरलं, तर वरच्या ९ गॉसला हे गुणोत्तर १ च्या जवळ येतं. धूळ निम्मा उजेड परत फेकते असं धरलं, तर ०.१ गॉसला ते ४० च्या आसपास जातं. दोन्ही जेट-गुणक सारखे ठेवून बदलले तरी हे आकडे हलत नाहीत, आणि तबकडीची दीप्तीही त्यांतून गळून जाते. आता तुमच्या आलेखावरचं गुणोत्तर मोजा. ३० आलं तर धूळ, १ आलं तर रुंद रेषा. मधलं आलं तर घाई नको.

सावधान: हा अंदाज दोन्ही शिखरं खरोखर मोजलेली असतील तरच लावा. दुसरं शिखर बऱ्याचदा फर्मी आणि क्ष-किरणांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात पडतं आणि मग ते मॉडेलने ‘मोजलेलं’ असतं.

टप्पा ७ : अंतर

लायमन-अल्फाचे १०.२ ईव्हीचे फोटॉन समोरासमोर भेटले, तर स्रोताच्या चौकटीतले सुमारे २५ जीईव्हीच्या वरचे गॅमा फोटॉन गिळू शकतात. रुंद रेषांच्या प्रदेशात खोलवर जन्मलेल्या प्रारणात म्हणून २५ ÷ (१ + ताम्रसृती) जीईव्हीच्या वर खाच दिसायला हवी. ती दिसली नाही तर उगम बाहेर असल्याचा चांगला पुरावा मिळतो. दिसली तर मात्र लगेच उलट निष्कर्ष काढू नका. त्याच फोटॉनना ढकलणारे इलेक्ट्रॉन जवळपास त्याच ऊर्जेला क्लाइन-निशिना मर्यादेत (जिथे फोटॉन ढकलण्याची शक्यता झपाट्याने घटते) शिरतात आणि वर्णपट आपोआप वाकतो. इलेक्ट्रॉनच तिथे संपत असले तरी तो वाकतो. नुसत्या आकारावरून हे वेगळं करता येत नाही.

दुसरी चूक याहून जास्त पसरलेली आहे: ‘बदल वेगवान, म्हणजे उगम कृष्णविवराजवळ’. पीकेएस १२२२+२१ या स्रोताने २०१० मध्ये मॅजिक दुर्बिणींना सुमारे १० मिनिटांत दुप्पट होणारं प्रारण दाखवलं, आणि वर्णपट ४०० जीईव्हीपर्यंत न तुटता गेला. वेग आत बोट दाखवतो, वर्णपट बाहेर. वेगवान बदल प्रदेशाचा आकार सांगतो, पत्ता सांगत नाही.

टप्पा ८ : आता मॉडेल चालवा

जेटसेट, ॲग्नपाय अशी खुली साधनं आहेत. पॅरामीटर सोडण्याआधी टप्पा ६ चे आकडे सुरुवातीची मूल्यं म्हणून भरा, त्रिज्येला बदलाच्या काळाची वरची मर्यादा घाला, ताम्रसृती आणि तबकडी बांधून ठेवा. मग तीन गोष्टी पाहा.

इलेक्ट्रॉनच्या वितरणाचा वाक कुठे आला? तो थंड होण्यामुळे असेल तर निर्देशांक सुमारे १ ने बदलायला हवा, आणि वाकाजवळच्या इलेक्ट्रॉनला थंड व्हायला लागणारा काळ प्रदेश ओलांडण्याच्या काळाइतका हवा. फिटने वाक भलतीकडेच ठेवला असेल तर त्याला भौतिक कारण द्यावं लागेल. कणांची आणि क्षेत्राची ऊर्जा किती वेगळी आहे? दहापटीचा फरक चालतो, लाखपटीचा चालत नाही. आणि जेटची एकूण शक्ती किती? ती एडिंग्टन दीप्तीशी (जिच्या वर प्रकाशाचा दाब गुरुत्वाकर्षणावर मात करतो) ताडून पाहा. एक अब्ज सूर्यांसाठी ती सेकंदाला सुमारे १.३ × १०^४७ अर्ग असते.

सावधान: शक्ती ताडताना, ‘सगळ्या दिशांना सारखं’ असं समजून काढलेली निरीक्षित दीप्ती घेऊ नका. जेट अरुंद शंकूत प्रकाश फेकतो. ती दीप्ती हजारपटीने फुगलेली असू शकते.

टप्पा ९ : प्रोटॉनना प्रामाणिक संधी द्या

इलेक्ट्रॉनचं मॉडेल जुळलं म्हणजे प्रोटॉन बाद झाले असं नाही. प्रोटॉन-सिंक्रोट्रॉनला साधारण १० ते १०० गॉस क्षेत्र आणि १०^१९ ईव्हीच्या आसपासचे प्रोटॉन लागतात. ते चालवा, शक्ती काढा. अनेक तेजस्वी स्रोतांत ती एडिंग्टनच्या वर जाते, आणि मग आक्षेप आकड्यानिशी लिहिता येतो.

न्यूट्रिनोची कसोटी वेगळी आहे. २२ सप्टेंबर २०१७ ला आइसक्यूब या न्यूट्रिनो शोधयंत्राला सुमारे २९० टीईव्हीचा न्यूट्रिनो टीएक्सएस ०५०६+०५६ या ब्लेझारच्या दिशेने आला, आणि तेव्हा फर्मीला तो स्रोत भडकलेला दिसत होता. न्यूट्रिनोला प्रोटॉनच्या ऊर्जेचा साधारण विसावा भाग मिळतो, म्हणजे प्रोटॉन ६ पीईव्हीच्या (६,००० टीईव्हीच्या) आसपासचा. इथे ‘गॅमा किरणही प्रोटॉनचेच’ असं लिहायचा मोह होतो. पण न्यूट्रिनोबरोबर जन्मलेले इलेक्ट्रॉन आणि फोटॉन प्रपात करत खाली येतात आणि दोन उंचवट्यांमधली क्ष-किरणांची दरी भरतात. त्या काळात ती दरी खोल होती. म्हणून गॅमा किरण मुख्यतः इलेक्ट्रॉनचे आणि प्रोटॉनचा वाटा दुय्यम, असं चित्र जास्त बसतं. तुमच्या स्रोतातही प्रोटॉनची वरची मर्यादा गॅमा बिंदूंवरून न काढता याच दरीवरून काढा.

एकट्या गॅमा भडक्यालाही, म्हणजे क्ष-किरण न वाढता आलेल्या भडक्याला, प्रोटॉनचा पुरावा मानू नका. १ईएस १९५९+६५० ने २००२ मध्ये असा भडका दाखवला होता. बाहेरच्या फोटॉनची घनता बदलली तरी तसंच दिसू शकतं.

टप्पा १० : ध्रुवीकरण

डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या, क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजणाऱ्या आयएक्सपीई उपग्रहामुळे आता चौथ्या प्रश्नाला हात घालता येतो. मार्केरियन ५०१ मध्ये क्ष-किरणांचं ध्रुवीकरण १० टक्क्यांच्या आसपास, दृश्य प्रकाशाहून दुपटीने जास्त, आणि जेटला समांतर निघालं. आघात तरंगाजवळ ताजे इलेक्ट्रॉन बनत असतील तर हेच अपेक्षित आहे. मात्र हे माप उंच शिखराच्या स्रोतात सिंक्रोट्रॉनचं असतं. कमी शिखराच्या स्रोतात तेच क्ष-किरण दुसऱ्या उंचवट्याचे असतात. २०२३ च्या अखेरीस बीएल लॅसर्टीमध्ये दृश्य प्रकाश ४७ टक्क्यांपर्यंत ध्रुवीकृत असताना क्ष-किरणांत ८ टक्केही आढळलं नाही. प्रोटॉन-सिंक्रोट्रॉन असता तर दोन्ही आकडे जवळ यायला हवे होते. कॉम्प्टन विकिरणात (इलेक्ट्रॉनने फोटॉन ढकलण्यात) क्ष-किरणांचा आकडा घटतो. तुमच्या स्रोताचं असं निरीक्षण उपलब्ध असेल तर आधी टप्पा ४ मधला निर्देशांक पाहा, मगच त्याचा अर्थ लावा.

टप्पा ११ : लिहिताना

सर्वोत्तम फिटशेजारी टिकून राहिलेलं दुसरं मॉडेल त्याच आलेखावर तुटक रेषेने काढा. प्रत्येक बिंदूची वेळ कोष्टकात द्या. कोणते पॅरामीटर बांधले आणि कोणते मोकळे सोडले ते स्वतंत्र स्तंभात द्या. आणि ही दोन मॉडेल कोणत्या पट्ट्यात सर्वाधिक फाकतात ते आकड्याने सांगा. बहुतेकदा ते १०० केईव्ही ते १०० एमईव्ही या रिकाम्या पट्ट्यात असतं किंवा १०० जीईव्हीच्या वर. पुढचं निरीक्षण मागताना अर्जात तोच पट्टा लिहायचा.